जावईबापूंचा ‘ये’

चेंडू सोडावा तर आमच्या जावईबापूंनी. ऑफ स्टंपच्या बाहेर चेंडू दिसला की ते बॅट थेट डोक्यावर उचलत आणि वडीलधाऱ्यांना दारातून आधी जाऊ द्यावं, अशा अदबीनं त्याला मागे जाऊ देत. कसोटीत हे शोभलं असतं. आमचा सामना पंधरा षटकांचा!

जावईबापू म्हणजे एकोणीस वर्षांचा इंग्रज पोरगा. वडील आखातातल्या अहमदीत, तेल कंपनीत इंजिनिअर. आमचा संघ दर शुक्रवारी सकाळी तिथल्या रेताड मैदानावर सिमेंटच्या पट्टीवर खेळे. निम्मे अकाउंटंट, निम्मे फहाहीलच्या खोल्यांतून एकटे राहणारे कोकणातले फिटर-वायरमन. त्यात हा कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून अवतरला. सावलीतली खुर्ची त्याला, पहिला चहा त्याला, पोह्यांवर जास्तीचं खोबरं त्याला, आणि काम शून्य. दुसरं नाव सुचणार तरी कसं?

पोराचं दुखणं मात्र खरं होतं. इंग्लंडमधल्या कुठल्याशा काउंटीचा प्रशिक्षक त्याला चाचणीला बोलावणार होता, पण आधी एका अर्धशतकाचा व्हिडिओ हवा होता. उन्हाळ्याआधी तो गेला नाही तर क्रिकेट बंद, अकाउंटन्सीला प्रवेश, असं वडिलांनी बजावलेलं. “मला तुमच्यासारखं व्हायचं नाही,” तो आम्हाला निरागसपणे म्हणाला. आपापल्या पोटांकडे बघून कोणालाच राग आला नाही.

त्याची दुसरी खोड महागात पडायची. चेंडू नीट अडवला की तो स्वतःवर खूश होऊन म्हणे, “येऽ!” म्हणजे इंग्रजीत, हो, छान. समोरच्या टोकाला आमचा कप्तान दाजी, मालवणचा पाइप फिटर. त्याला कोणी ‘ये’ म्हटलं की तो येणारच. पहिल्याच सामन्यात दाजी अर्ध्या वाटेवर, जावईबापू जागेवर उभे राहून बॅटकडे कौतुकानं बघताहेत आणि पलीकडे यष्ट्या उडालेल्या.

“मेल्या, धावूचा नव्हता तर बोलयलंस कित्याक?” दाजी गरजला.

“येऽ,” जावईबापू समजूतदारपणे म्हणाले.

मग आम्ही तोडगा काढला. त्याला सांगितलं, आमच्यात स्वतःचं कौतुक ‘वा’ म्हणून करतात. तो दिवसभर स्वतःला ‘वा, वा’ करू लागला. धावायचं असलं की दाजी हातानं खुणावे. आमच्या तोंडचा ‘ये’ म्हणजे काय, हे त्याला सांगायचं कोणालाच सुचलं नाही.

मुदतीतला शेवटचा शुक्रवार आला. मी मोबाइल स्टँडवर लावला. वाळू उडत होती आणि जावईबापू चक्क मारत होते! शेवटच्या चेंडूवर पन्नाससाठी दोन धावा हव्या होत्या. चेंडू कव्हरमधून निघाला. एक धाव झाली, दुसरी आरामात होती. उत्साहाच्या भरात दाजी हात विसरला आणि धावतच ओरडला, “ये! ये! ये!”

जावईबापू थांबले. दाजीसारखा माणूस चक्क इंग्रजीत शाबासकी देतोय! त्यांनी हेल्मेट काढलं, बॅट उंचावली आणि चारी दिशांना अभिवादन केलं. दाजी धावचीत, जावईबापू एकोणपन्नासवर नाबाद.

“एकोणपन्नास म्हणजे पन्नास नव्हे,” वडील म्हणाले. आमच्या अकाउंटंटांनी आयुष्यात पहिल्यांदाच उघडपणे आकडा फुगवायची तयारी दाखवली. इंजिनिअर ऐकेना.

कॉलेजसाठी इंग्लंडला निघाला त्या दिवशी पोरगा फहाहीलला दाजीच्या खोलीवर आला. मीही होतो. “दाजी, मैं जाता,” तो म्हणाला.

“जातंय म्हणा नये रे. येतंय म्हण.”

मी इंग्रजीत समजावलं, ‘ये’ म्हणजे ‘कम’. निघताना आम्ही परत येतो असंच सांगतो. पोरगा थबकला. कानापर्यंत लाल झाला.

“दाजी... उस दिन... मेरे को बुलाया?”

“मगे? आरती ओवाळी होतंय तुजी?”

तो हसायला लागला आणि हसतानाच त्यानं डोळे पुसले. मग गाडीत बसला, काच खाली केली आणि गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडला, “दाजी, येतंय!”

पहिल्यांदाच त्यानं तो शब्द बरोबर वापरला. आणि पहिल्यांदाच तो ऐकून दाजी जागचा हलला नाही.