पोराच्या घराचा साग

खंडूअण्णांच्या वखारीत कुणी लाकडाचा भाव विचारला, की ते उलट विचारायचे, "कशाला पायजे?" टोमॅटोच्या खोक्यांना असेल तर आंबा दाखवायचे, औताला असेल तर बाभूळ. घराच्या चौकटीला आंबा मागणाऱ्याला मात्र सरळ हाकलून द्यायचे. आळेफाट्यावर समोरच माझं कापडाचं दुकान. गिऱ्हाइकाशी एवढं तुसड्यासारखं वागूनही याचा धंदा चालतो कसा, याचा मला राग यायचा.

सागाचा भाव ऐकून मी एकदा कुरकुरलो. अण्णा म्हणाले, "भाऊ, आंबा लवकर वाढतो, पर किडा लागतो. बाभळ लई चिवट, पर वाकडी, लांब फळीच निघत न्हाई. साग वाढायला माणसाचा जलम जातो. आतल्या तेलानं वाळवी लागत न्हाई, पावसाळ्यात दार फुगत न्हाई. तुमी त्या वर्सांचं पैसं देताय."

असाच जुना, वाळलेला साग त्यांनी मागच्या पत्र्याखाली रचून ठेवला होता. मुलाच्या, संतोषच्या घरासाठी. मी घर बांधायचं मनात घेतलं तेव्हापासून त्या सागासाठी अण्णांच्या किती नाकदुऱ्या काढल्या! "ते पोराचं हाय," एवढंच उत्तर. पुढे बंदरावरून परदेशी साग येऊ लागला, बाजार बदलला, उत्तर तेच.

संतोषनं पिंपरीत फ्लॅट घेतला, दारं-खिडक्या बसवलेला. वास्तुशांतीहून परतले ते अण्णा थेट माझ्या दुकानात आले.

"भाऊ, तो साग घेऊन जा."

"भाव काय?"

"तुमी द्याल तो."

घासाघीस हा माझा स्वभाव, पण त्या दिवशी केली नाही. फार वाईट वाटलं. मी त्यांना चहा पाजला आणि बाजारात चालला होता तोच भाव दिला.

माझ्या घराला त्या सागाची चौकट उभी करायच्या दिवशी मी त्यांना मुद्दाम बोलावलं. तोवर ते पुष्कळ खंगले होते. पुढे त्याच थंडीत ते वारले. त्या दिवशी सुतार ओळंबा लावून चौकट सरळ आहे का ते बघत होता आणि अण्णा चौकटीला हात देऊन उभे होते. मी हळदकुंकू वाहिलं. संकल्पासाठी भटजींनी विचारलं, "यजमानांचं नाव?"

मी बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "संतोष."

सुतार थांबला. अण्णांच्या लक्षात आलं तसे ते खाली बघू लागले, चौकटीवरचा हात मात्र तसाच राहिला. भटजी माझ्याकडे पाहत होते.

"तेच म्हणा," मी म्हणालो.