पारूबाईंचा राग मी इंग्रजीत सांगितला

मित्रहो, दौंडला माझा छोटासा भाषावर्ग आहे, भाषांतरंही करतो. आज शिरूरकडच्या एका गावात दुभाषा म्हणून गेलो होतो. गावाजवळच्या कारखान्याचे परदेशी साहेब गावकऱ्यांना भेटायला आले होते.

गावातल्या पारूबाई तडक उठल्या. "कारखान्याच्या घाणीपायी आमच्या विहिरीचं पाणी जनावरं बी तोंडात घेत न्हाईत. साहेबाला म्हणावं, एक तांब्या तू पिऊन दाखव!"

कारखान्याचा मॅनेजर माझ्या कानाशी लागला, "सर, पाण्याची थोडी अडचण आहे, एवढंच सांगा."

शाळेत कविता म्हणताना एक शब्द गळला, तरी गुरुजी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत. ते अंगात मुरलंय. मी तांब्यासकट सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला, बैठक तिथंच मोडली.

निघताना पारूबाईच आल्या. "आबा, माझं पोरगं त्याच कारखान्यात कामाला हाय. मी रागात बोलले, तुम्ही तरी थोडं गोड करून सांगायचं व्हतं."

त्या पोराची नोकरी गेली, तर ती माझ्या इंग्रजीनं गेली म्हणतील. विहिरीबद्दल कुणी चकार शब्द काढणार नाही.

खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही काय सांगितलं असतं?