हद्दीवरचा पूल

आमच्या दोन गावांच्या पंचायतींना सचिव एकच. सोमवारी इकडे बसतो, गुरुवारी तिकडे. हद्दीवरचा पूल खचला होता, बागेत ट्रक येत नव्हता आणि माझी संत्री झाडावर पिकून गळत होती. तक्रार केली की तो चष्मा पुसत म्हणे, "भाऊ, पूल तिकडच्या पंचायतीत येते." तिकडे गेलो की तोच माणूस, तोच चष्मा, "पूल तिकडचा ना, भाऊ!"

"दोन्हीकडे तुम्हीच बसता, मंग मले कायले फिरवून राहिले?" मी टेबलावर हात आपटला.

दुसऱ्या सकाळी मात्र दोन्ही सरपंचांना त्याने पुलावर आणून उभं केलं आणि निम्मं-निम्मं काम कबूल करून घेतलं. पूल दुरुस्त होऊन माल पांढुर्ण्याच्या मंडीत पोचला, तेव्हा कुठे मला झोप लागली.

सोमवारी थैलीभर संत्री घेऊन गेलो. चष्मा पुसून त्याने एकच उचललं.

"बाकीची गुरुवारी तिकडे द्या, भाऊ."