सुट्टीचा फोटो

साधना इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये बसून जी टीम सांभाळायची, तिच्यातली माणसं पोलंडपासून फिलिपिन्सपर्यंत पांगलेली होती. सुरुवातीला मीटिंगमध्ये कामापुरतं बोलून सगळे तोंडं मिटून बसायचे. असं तोंड मिटून कुठे कामं होतात? मग तिनेच नियम काढला: सुट्टीवरून आलेल्याने एक फोटो दाखवायचा. तेव्हापासून टीमला कंठ फुटला. कुणाचा समुद्र, कुणाच्या लेकीचा वाढदिवस, सगळ्यांना सगळं ठाऊक.

यंदा साधना वडिलांचं तेरावं उरकून कामावर बसली. रजा टाकताना तिने ‘सुट्टी’ एवढंच लिहिलं होतं. बाप गेला हे इंग्रजीत नीट कसं लिहायचं, यावर तेव्हा कोण डोकं चालवणार?

“साधना, फोटो!” पोलंडची मार्ता हसत म्हणाली.

नियम तिचाच. तिने मोबाइल चाळला. त्या दिवसांतला एकच फोटो होता, रामकुंडाचा. अस्थी सोडून झाल्यावर, सायखेड्याला अंथरुणाला खिळलेल्या आत्यासाठी, पाण्यात उभं राहूनच तिने तो काढला होता. त्यात अस्थी दिसत नव्हत्या. कोवळं ऊन होतं, हिरवट पाणी होतं आणि वाहत चाललेला झेंडू होता. तिने तो दाखवला.

“काय सुंदर नदी! आणि ती फुलं!” सगळे एकदम बोलू लागले.

“पाण्यात उतरलीस की नाही?” मनिलाच्या जोएलने विचारलं.

“उतरले ना. गुडघाभर.”

“थंड होतं?”

साधनाने आठवून पाहिलं. सगळे हसऱ्या चेहऱ्यांनी थांबले होते. पाणी थंड होतं की नाही, तिला काही केल्या सांगता येईना.