करपा आणि मोरचुदाचं पाणी

लढाईच्या दिवसांत सूत मिळेनासं झालं आणि शहापुरातले माग एकेक करून थांबायला लागले. आमच्या घरी दोन माग होते. एकावर माझे मालक विणायचे, दुसऱ्यावर मामंजी, म्हणजे माझे सासरे. जे काही सूत हाताला लागायचं ते एका मागाला कसंबसं पुरायचं. तेव्हा मामंजींनी आपणहून आपला माग बंद ठेवला. "पोराचा हात चालू राहू दे," म्हणाले.

पण रोज सकाळी आंघोळ उरकली की ते आपल्या मागापाशी जायचे, मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि नुसते बघत राहायचे. जन्मभर ज्याचे हातपाय एका तालात हलत आले, त्याला रिकामं बसणं म्हणजे दुखणंच. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी झालं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपाशी मला हळूच म्हणायच्या, "ह्यांचं लक्षण ठीक न्हाय गं. माणूस आतनं वाळाय लागलाय."

अशात एकदा मामंजी क्यांपात, गोऱ्या लष्कराच्या वस्तीत, लुगडी पोचवायला गेले होते. तिथल्या एका बंगल्याच्या बागेत त्यांनी टमाट्याची झाडं पाहिली आणि माळ्याकडून चार पिकली फळं मागून घेऊन आले. आमच्या आळीत तेव्हा टमाटा कोणी घरात आणत नसे. आत्याबाईंनी ते फळ चिरलेलं पाहिलं आणि तोंड फिरवलं. "शी! मांसागत दिसतंय. माझ्या चुलीवर न्हाय चढायचं हे." मामंजींनी वाद घातला नाही. फळातलं बी काढलं, राखेत चोळलं, सुपात वाळवलं आणि ज्येष्ठात परसातल्या कोपऱ्यात टाकलं.

त्या बियानं घराची कळाच बदलली. रोपं हाताएवढी झाली तशी मामंजींनी ती परसभर ओळीनं लावली. ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताच्या, जुन्या काठ्या प्रत्येक रोपाशेजारी रोवल्या, आणि तुटक्या सुताचे धागे वळून रोपं त्यांना बांधली. गाठ इतकी अलगद मारायचे की देठाला कळूही नये. सकाळी उठले की आधी परसात. "आज फूल आलंय बघ," म्हणून मला हाक मारायचे. मी राख किंवा शेणखत घेऊन गेले की माझ्याशी बोलायचे, अनगोळला कसं करतात ते विचारायचे. माझं माहेर अनगोळचं, आप्पा, म्हणजे माझे वडील, शेतकरी. लग्न होऊन आल्यापासून मामंजी माझ्याशी एवढं बोलले ते तेव्हाच. हिरवी फळं धरली तेव्हा तर ते भाकरीही दोन वेळा मागून घेऊ लागले. आत्याबाई टमाट्याला नावं ठेवत होत्या, पण परसातलं पाणी कमी पडू देत नव्हत्या.

मग श्रावणातली झिमझिम लागली. बेळगावकडचा तो पाऊस धड कोसळतही नाही आणि थांबतही नाही. ऊन म्हणून दिसेना, सकाळी धुकं परसात दाटून बसायचं. अशाच एका सकाळी भांडी घासायला गेले तर कडेच्या झाडाच्या खालच्या पानांवर मला काळपट डाग दिसले. तेलाचा थेंब कागदावर पसरावा तसे, ओलसर, कडेला पिवळे. पान उलटून पाहिलं. खाली बारीक पांढरी बुरशी.

हे मी ओळखत होते. आप्पांच्या बटाट्यावर पडायचा तोच करपा. लहानपणी मी पाहिलेलं होतं, आज हिरवंगार असलेलं वावर चार-सहा दिवसांत उकळतं पाणी ओतल्यासारखं काळं पडतं, आणि त्याचा कुजका वास रस्त्यापर्यंत येतो.

मामंजी आले तेव्हा मी त्यांना पान दाखवलं. "मामंजी, हा करपा वाटतोय."

त्यांनी पान हातात घेतलं, बोटानं पुसून पाहिलं. "गारठ्यानं झालं असंल. दोन दिस ऊन पडू दे."

ऊन पडलं नाही. दुसऱ्या दिवशी डाग शेजारच्या झाडावर गेले, तिसऱ्या दिवशी त्या ओळीतल्या सगळ्यांवर. देठांवर काळे पट्टे उठले. लिंबाएवढ्या झालेल्या हिरव्या फळांवर तपकिरी चट्टे पडून ती कडक झाली. आत्याबाईंनी मीठ-मिरच्या घेऊन झाडांची दृष्ट काढली. त्या दुपारी मामंजी परत मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले. ते पाहिलं आणि माझा धीर सुटला. मी मालकांना म्हटलं, "मी अनगोळला जाऊन आप्पांना घेऊन येते." ते म्हणाले, "जा. आत्ताच जा."

अनगोळ काही लांब नाही. डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन मी चिखलातून गेले. आप्पा गोठ्यात होते. माझा चेहरा पाहून त्यांना वाटलं घरात कोणाचं काही झालं. टमाट्यांचं सांगितलं तेव्हा आधी हसले, मग मामंजींचं सांगितलं तेव्हा हसणं थांबलं. लगेच घोंगडी घेऊन निघाले.

परसात आल्यावर आप्पांनी सगळी झाडं नीट पाहिली. मग म्हणाले, "पाव्हणं, करपाच हाय. ही कडंची वळ उपटून जाळाय पायजे. आजच."

मामंजी म्हणाले, "फळं धरल्यात की वो त्यावर."

"त्या फळांचं काय व्हणार न्हाय आता. वळ ठेवलासा तर बाकीचीबी जातील."

"माझ्या हातनं व्हणार न्हाय ते," मामंजी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "लागलेली फळं कोण उपटतंय? तुम्ही शेतकरी, तुमास्नी सवय."

व्याह्यानं असं बोलावं आणि आप्पांनी ऐकून घ्यावं, मला कसंतरीच झालं. आत्याबाई दारात पदर तोंडाशी धरून उभ्या. आप्पा रागावले नाहीत. शेजारच्या दगडावर बसले आणि म्हणाले, "सवय न्हाय हुईत पाव्हणं. मीबी एकदा उपटाय न्हाय म्हणालतो. सगळा बटाटा गेला. त्या साली घरात कुणी मला नीट जेवताना बघितलं न्हाय." मग विचारलं, "तुमच्या ताण्यात एक धागा कुजका निघाला तर काय करतासा?"

"काढून टाकून दुसरा जोडतो."

"मग?"

शेवटी मामंजींनीच वाकून पहिलं झाड धरलं. आधी सुताची गाठ सोडली, काठी वेगळी केली, मग झाड मुळासकट ओढलं. मी आणि आप्पा टोपली धरून मागे. ओळ रिकामी झाली. ओला पाला पेटेना, तेव्हा मालकांनी आतून चिपाडं आणून दिली. काळा, कडवट धूर झाला. मामंजी जाळ विझेपर्यंत तिथंच होते.

उरलेल्या झाडांची डागाळलेली पानं आम्ही खुडली, जमिनीला टेकलेल्या फांद्याही छाटल्या. मग आप्पा म्हणाले, "आता मोरचूद पायजे. शेतकी खात्याच्या माणसानं आमच्या बटाट्यावर मारून दावलंतं. मोरचूद आणि चुना."

मामंजींनी मान वर केली. "मोरचूद घरात हाय की. रंग पक्का कराय आणलेला."

तिथून पुढं ते आणि आप्पा एकमेकांना धरूनच होते. आप्पा सांगतील तसं मामंजी करत गेले. एका मडक्यात मोरचुदाचे निळे खडे विरघळवले, दुसऱ्यात कळीचा चुना फोडून निवत ठेवला. धातूचं भांडं चालत नाही, हे मामंजींना रंगाच्या कामामुळे सांगावं लागलं नाही. चुन्याचं पाणी फडक्यातून गाळलं. दोन्ही पाणी एकत्र ओतलं तेव्हा मडक्यात आभाळी रंग उतरला. आप्पांनी विळ्याचं टोक त्यात बुडवून धरलं. बाहेर काढलं तर लोखंडावर तांबूस झाक. "मोरचूद जास्त हाय, पानं जाळंल. अजून चुना," म्हणाले. परत घातला, परत विळा बुडवला, या वेळी विळा होता तसा निघाला. "झालं."

पण ते पाणी झाडांवर मारायचं कशानं? खात्याच्या माणसाकडे पिचकारी होती, आमच्याकडे कुठली? आप्पा म्हणाले, कडुनिंबाचा डहाळा बुडवून शिंपडू. मामंजी आत गेले आणि खळीचा कुंचा घेऊन आले. ताण्याला खळ लावायचा तो रुंद, दाट कुंचा. तो पाण्यात बुडवून त्यांनी निथळला आणि मनगट असं काही हलवलं की पाण्याचे बारीक बारीक तुषार पानांवर सारखे पसरले. कुठं थेंब ओघळला नाही, कुठं जागा कोरडी राहिली नाही. मग खाली बसून पानांच्या उलट्या बाजूला मारलं. चाळीस वर्षं ताण्यावर फिरलेला हात तो. आप्पा बघतच राहिले. "पाव्हणं, माझ्या वावरात या आता," म्हणाले, आणि मामंजी हसले. कैक दिवसांनी त्यांना हसताना पाहून आत्याबाईंनी घाईघाईनं चहाचं आधण ठेवलं.

एवढ्यानं निभावलं असं मात्र नाही. दुसऱ्याच दुपारी सर आली आणि निळे ठिपके धुऊन गेले. आम्ही पाऊस थांबायची वाट पाहून परत पाणी केलं, परत मारलं. मधे एका झाडावर नवा डाग दिसला, ते मामंजींनी कोणाला न विचारता उपटलं. मी रोज सकाळी पानं उलटून बघायची आणि बघायच्या आधी डोळे मिटायची. शेजारणी कुंपणावरून विचारायच्या, झाडांना निळा रंग कशाला दिलाय?

गौरी-गणपती आले तसं आभाळ निवळलं. उघडीप पडली, परसात कोरडं ऊन आलं. एके दिवशी मामंजींनी हाक मारली, "इकडं ये गं पोरी." छाटलेल्या फांद्यांच्या बगलेतून नवी पालवी फुटली होती. मी एकेक पान उलटून पाहिलं. स्वच्छ. वर पिवळी फुलं. मी तिथंच मातीत फतकल मारून बसले. मामंजी माझ्याकडं बघून म्हणाले, "रडतीस व्हय गं?" मी म्हटलं, "न्हाय मामंजी, पाय दुखाय लागलेत." त्यांनीही ते खरं मानलं.

फळं लाल झाली तेव्हा आत्याबाईंनी वेगळंच काढलं. "मोरचूद विखारी. ते मारलेलं फळ कुणी तोंडात घालायचं न्हाय." आप्पांनी निरोप धाडला की पाणी मारायचं कधीच थांबवलंय, तरी फळं चांगली चोळून धुवा. मी ती इतकी घासली की एकदोन फुटलीच. मग मी शेंगदाण्याचं कूट घालून टमाट्याची चटणी केली. मामंजींनी भाकरीबरोबर खाल्ली, मालकांनी खाल्ली, मी खाल्ली. आत्याबाई आमच्याकडं टक लावून बसलेल्या. दुसऱ्या दिवशी सगळे धडधाकट उठलो, तेव्हा त्यांनी वाटीत उरलेली चटणी बोटानं चाखली. "आंबट हाय. मीठ कमी घातलंस," म्हणाल्या, आणि वाटी पुसून खाल्ली.

एका आख्ख्या ओळीची झाडं गेली होती, पण उरली त्यांनी भरभरून दिलं. मामंजी टोपलीतून आळीत वाटत फिरायचे. एक टोपली अनगोळला स्वतः घेऊन गेले आणि संध्याकाळपर्यंत आप्पांच्या गोठ्यात बसून आले.

पुढल्या पावसाळ्यात करपा परत आला. पहिला डाग या वेळी आत्याबाईंना दिसला. त्या परसातनंच ओरडल्या, "अवो, चुना भिजत घाला!" आणि कोणीच घाबरलं नाही.