लेम्पीच्या गॅरेजचं दुसरं कुलूप

आमच्या खाणीच्या गावात गॅरेजला कुलूप लावायची रीत नाही. शेजाऱ्याला फावडं लागलं तर तो सरळ आत शिरतो, घेतो, बर्फ काढून झाल्यावर परत आणून ठेवतो. लेम्पी निस्कानेनच्या गॅरेजला मात्र पहिल्यापासून एक कुलूप होतं. जानेवारीत तिने दुसरं लावलं, तेव्हा ते कोणासाठी हे गावाला विचारावं लागलं नाही. रूडी झुपानसाठी.

लेम्पीने सगळी उमर शाळेची बस चालवली. नवरा गेला, नोकरी संपली, तशी तिने नवऱ्याचं धारेचं चाक गॅरेजात मांडलं आणि गावातल्या स्केटना, म्हणजे बर्फावर घसरायच्या बुटांखालच्या पात्यांना, धार लावायला घेतली. उत्तर मिनेसोटात पोर नीट चालायच्या आधी बर्फावर उभं राहतं, म्हणजे कामाला तोटा नाही. पात्यावर अंगठ्याचं नख ओढून ती धार पारखायची. नखाचा पांढरा भुगा एकसारखा निघाला तरच स्केट परत. शाळेच्या हॉकी संघाचे स्केटही तिच्याकडेच यायचे, आणि गावात तिला जो काही मान होता तो तेवढ्यावर होता.

बाई संशयी होती. पण हा संशय काही तिने हौसेने पाळला नव्हता. कोणालाही कामावरून काढणार नाही असं भर सभेत सांगून दुसऱ्याच आठवड्यात फाटक लावून घेणाऱ्या साहेबांना तिने पाहिलं होतं. त्यावरून पेटलेल्या खाणीच्या संपात तिने माणूस बसेल एवढ्या पातेल्यांत सूप ढवळलं होतं. आणि त्याच संपात, मान खाली घालून, डब्यासकट फाटक ओलांडून आत कामाला जाणारा रूडी झुपानही पाहिला होता. गोड बोलणाऱ्याचे हात आधी बघावेत, हे तिला शिकवायला कोणी पंडित आला नव्हता.

तर नोव्हेंबरात गॅरेजातला जुना विजेचा हीटर जळाला. लेम्पी गॉर्डनच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली.

गॉर्डनने छताला टांगायचा गॅसचा हीटर दाखवला. "हा घे. ह्याचा पाइप भिंतीतून बाहेर जातो. जळलेलं सगळं बाहेर, ऊब तेवढी आत."

"म्हणजे भिंतीला भोक पाडायचं."

"पाडावं लागेल."

"आणि ते पाडणारा तुमचा कोणीतरी मेहुणा असेल."

"पुतण्या आहे," गॉर्डन म्हणाला.

"बघा," लेम्पी म्हणाली आणि हातमोजे चढवले.

विजेचा मोठा हीटर घ्यावा, तर त्यासाठी घराच्या वायरी बदलाव्या लागणार होत्या. म्हणजे आणखी कोणाचा तरी पुतण्या. लाकडाची शेगडी ठेवावी, तर गाडी आणि पेट्रोलचे डबे त्याच खोलीत. मग तिचा धाकटा भाऊ रेनो आपला हीटर घेऊन आला. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला आमच्याकडे लोक लाकडी झोपडी ओढत नेतात, तिच्यातला हीटर. खाली गॅसची टाकी, वर लालबुंद होणारी तबकडी. ना पाइप, ना भोक.

"ह्याच्यासमोर मी बूट काढून बसतो," रेनो म्हणाला. "दुकानदारांना काय, तू शिंकलीस तरी रुमालाचं बिल लावतील."

लेम्पीला हे पटलं. घरातलाच माणूस, घरातलीच वस्तू, कोणाचं काही देणं नाही. विषारी वायूची धोक्याची घंटा तिने भिंतीवर लावली. ऊब निसटू नये म्हणून दाराच्या फटीत जुन्या गोधड्या कोंबल्या. घंटा एकदाही वाजली नाही. लेम्पीच्या दृष्टीने हीटर निर्दोष सुटला.

डिसेंबर सुखात गेला. पारा शून्याच्या पार खाली असताना ती नुसत्या स्वेटरवर चाक फिरवायची. रात्री हीटर बंद करायची; माणसं झोपल्यावर जाळ जागा ठेवायचा नाही एवढं तिला कळत होतं. मग जानेवारीत एका सकाळी, आदल्या दिवशी घासून, पुसून, टांगून ठेवलेल्या पात्यांवर तपकिरी ठिपके दिसले.

गंज.

तिने ते घासून काढले आणि कोणाला बोलली नाही. पुन्हा आले. एका आईने स्केट परत आणले, म्हणाली, "लेम्पी, रागावू नकोस, पण हे असे कसे?" दुसरीने परत आणलेही नाहीत. ती थेट रिंकवर, गावाच्या बर्फाच्या मैदानावर, गेली. तिथे ह्याच हिवाळ्यात रूडी झुपानने धारेचं मशीन मांडलं होतं. चकचकीत मशीन, वर फुकट कॉफी, आणि येईल त्याच्याशी हसणं.

लेम्पीने दोन आणि दोन चार केले. दिवसा पाती कोरडी, सकाळी गंजलेली. म्हणजे रात्री कोणीतरी येतं. पाती ओली करतं. आणि जातं.

"बर्फात पाऊल कुठाय पण?" रेनोने विचारलं.

"बर्फ ढकलणाऱ्या नांगराच्या गाडीने केलेल्या वाटेवरून येत असणार. तो काय मूर्ख आहे?"

"कुलूप?"

"त्याच्याकडे चावी असेल."

"कुठून असेल?"

"तेच शोधायचंय," लेम्पी म्हणाली आणि दुसरं कुलूप लावलं.

गंज थांबला नाही. तिकडे शाळेचा कोच स्वतः दारात आला. तरुण माणूस, एके काळी तिच्याच बसमध्ये मागच्या बाकावर दंगा करणारा. संघाच्या स्केटची थैली खाली ठेवून, टोपी हातात घेऊन उभा राहिला. "लेम्पीबाई, शनिवारी स्पर्धा आहे. पोरांना गंजलेल्या पात्यांवर उतरवता येत नाही. ह्या वेळेला तसं झालं तर मला स्केट रूडीकडे द्यावे लागतील. कायमचे."

"ह्या वेळेला होणार नाही," लेम्पी म्हणाली.

त्या रात्री तिने दाराच्या आत फरशीवर पीठ भुरभुरवलं. वेलदोड्याच्या पावासाठी ठेवलेलं चांगलं पीठ. सकाळी पाहते तो पिठावर पाऊल नाही. पण पीठ लगद्यासारखं फरशीला चिकटलेलं. आणि चाचणीसाठी टांगलेल्या तिच्या स्वतःच्या जुन्या स्केटवर गंज.

कोणाही शहाण्याने इथे थांबून विचार केला असता. लेम्पीनेही केला: लबाडाने जाता जाता ओल्या फडक्याने ठसे पुसले.

ती तडक रिंकवर गेली. रूडीच्या टेबलासमोर चारपाच आया रांगेत होत्या. लेम्पीने आवाज चढवला नाही. तिला त्याची गरज नसते.

"रूडी, माझ्या गॅरेजात येणं बंद कर."

रूडीने चष्म्यावरून पाहिलं. "तुझ्या गॅरेजात? मला तू आमंत्रण पाठवलंस तरी मी आलो नसतो."

"फाटक ओलांडायची तुला सवय आहे."

रांगेतल्या आया एकदम आपापल्या बुटांकडे बघू लागल्या. रूडीचा चेहरा पांढरा पडला. त्याने मशीन बंद केलं, फळीवरचा कोट ओढला. "चल. दाखव मला, मी काय केलंय ते. लोकांसमोर बोललीस, आता लोकांसमोर दाखव."

लोक कोणी आले नाहीत. लोक अशा वेळी येत नाहीत. दोघंच आले, आपापल्या गाडीतून. सकाळपासून हीटर पेटलेला होता. लेम्पीने दोन्ही कुलपं काढली, मुद्दाम सावकाश, म्हणजे त्याचे डोळे चावीकडे जातात का ते बघता येईल. रूडी आत आला आणि जागच्या जागी थांबला. त्याचा चष्मा पांढरा झाला होता.

त्याने चष्मा काढला, पुसला, घातला. पुन्हा पांढरा.

"नाटकं नको," लेम्पी म्हणाली.

"मला दिसत नाहीये, बाई. तू इथे सौना तापवतेस का?"

फिनलंडहून आलेल्यांच्या लेकीला असं विचारणं म्हणजे चेष्टाच. परसातल्या सौनात, त्या वाफेच्या खोलीतच, लेम्पी लहानाची मोठी झाली होती. तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं की हवा कशी अंगाला बिलगते, ते तिला कोणी सांगायला नको. ती उत्तर द्यायला वळली आणि तिने रूडीला नाही, हवेला पाहिलं. खिडकीच्या काचेवरून ओघळ वाहत होते. खिळ्यांच्या डोक्यांवर थेंब होते.

ती बाहेर गेली. गाडीच्या डिकीत कोचने दिलेली स्केटची थैली गारठून पडली होती. तिने एक स्केट आत आणला आणि हीटरसमोर धरला. पातं बघता बघता दुधासारखं झालं. तिने अंगठा ओढला. अंगठा ओला.

रूडी बोलला नाही. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर बोलला असता, आणि मग लेम्पीने आयुष्यभर कबूल केलं नसतं.

तिला रेनोची झोपडी आठवली. तिथे आत बसूनही तो टोपी काढत नाही, कारण छतावरून थेंब पडतात. पत्ते खेळताना राजा-राणी फुगून जाड झालेले असतात. एकदा तिने विचारलंही होतं, तर म्हणाला होता, त्यात काय, मासे ओलेच असतात. गॅस जळतो तेव्हा त्याचं पाणी होतं. पाइप नसेल तर ते जाणार कुठे? झोपडीला फटी तरी आहेत. इथल्या फटी तिने स्वतःच्या हाताने गोधड्या कोंबून बुजवल्या होत्या. दिवसभर वाफ कोंडायची, रात्री गारठली की थंड पोलादावर बसायची. गॉर्डन जळलेलं सगळं बाहेर म्हणाला होता, आणि ती त्याचे पुतणे मोजत बसली होती.

तिने हीटर बंद केला.

"शनिवारच्या आत नवा बसणार नाही," ती म्हणाली.

"नाही," रूडी म्हणाला.

त्याने बाहीने चाकावरचे थेंब पुसले.

"रिंकवर हवा कोरडी असते," तो म्हणाला.

लेम्पीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. ह्यात ह्याचा काय फायदा, हा विचार तिच्या डोळ्यांत लपला नाही. "चाक माझं. हात माझे. तुझं फक्त टेबल. आणि पोरांना कोणी सांगायचं नाही की हे रूडीने केलं."

"आणि टेबलाचं भाडं?"

"त्या बायांसमोर जे बोलले ते त्यांच्याचसमोर मागे घेईन. तू गॅरेजात आला नव्हतास."

रूडीने चष्मा पुसला. आता तो पांढरा झाला नाही. "आणि फाटकाचं?"

"ते मी पाहिलंय," लेम्पी म्हणाली. "ते नाही."

त्याने मान हलवली आणि चाकाचं एक टोक उचललं. दुसरं तिने.

शनिवारी पोरं लखलखीत पात्यांवर उतरली. पुढच्या आठवड्यात गॉर्डनच्या पुतण्याने भिंतीला भोक पाडलं. तो काम करत होता तेवढा वेळ लेम्पी बॅटरी घेऊन त्याच्या खांद्यामागे उभी होती, आणि पाइप बसल्यावर बाहेर बर्फात जाऊन तिने पाइपच्या तोंडाशी हात धरून पाहिला. ओला झाला, तेव्हा आत आली. दुसरं कुलूप तिने काढलं. पहिलं राहू दिलं.