फडक्यात राहिलेली भाकरी
बायको जायच्या महिनाभर आधी आम्ही दोघं शेवटचं सोबत फिरलो, ते सातपुड्यात. कापूस वेचून झाला तशी ती म्हणाली, एक दिवस डोंगर चढू. अमळनेरहून एसटीने गेलो. सागाची वाळकी पानं पायाखाली कुरकुरत होती. माथ्यावर तिने कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचं फडकं सोडलं, तर ठेचा घरीच राहिलेला. मी म्हटलं, "कोरडी चावू का? माले भूक नही." ती कांदा फोडायला घेत म्हणाली, "कांदा शे ना, फोडी देस." मी तोंड फिरवून बसलो. तिने फडकं बांधलं. उतरताना अर्ध्या वाटेत ती मटकन खाली बसली, पोटात काही नव्हतं. तू का नाही खाल्लंस, असं विचारलं तर म्हणते, "तुम्हीन जेवनात नही, मंग मी कशी जेवू?" मी तिथेच दोन घास तोंडात कोंबले, मग तिने खाल्लं. चाळीस वर्षं ती माझ्यामागून जेवली. त्यात मी असा कितीदा रुसलो असेन, हे मी कधी मनातही आणलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच, भूक नसताना मी तिच्याकडे ताट मागितलं आणि भराभर जेवून उठलो.